पाठीवरचा गरुड

मी एक पांढरा सूट बोलतोय. ऑफिसला घालून जातात तसला नव्हे. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, समोर चेन, कानापर्यंत उभी कॉलर, खाली घंटेसारखी पसरलेली पँट. छातीवर एक आणि पाठीवर एक असे पंख पसरलेले दोन गरुड, लाल, निळ्या आणि सोनेरी खड्यांचे. एल्व्हिस प्रेस्ली नावाचा अमेरिकन गायक त्र्याहत्तर सालच्या जानेवारीत असाच सूट घालून हवाई बेटावर गायला होता आणि उपग्रहाच्या कृपेनं कितीतरी देशांतल्या लोकांनी ते आपापल्या घरी बसून पाहिलं होतं. तो सूट खरा. मी त्याची नक्कल. पण माझ्या आत जो माणूस उभा राहिला तो नक्कल नव्हता, आणि त्याचं काय झालं हे सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

लंडनच्या पूर्वेला इल्फर्डमध्ये शशीबाईंच्या शिवणकामाच्या दुकानात माझा जन्म झाला. तिथे एरवी लग्नाचे लेहेंगे आणि ब्लाउज शिवले जातात. एका सकाळी डॉक्टर पद्माकर हातात एल्व्हिसचा फोटो घेऊन दुकानात आले. वय सत्तरीच्या पुढे, पोट सुटलेलं, केस विरळ, पण कल्ले मुद्दाम वाढवलेले. शशीबाईंना वाटलं, नातवाच्या फॅन्सी ड्रेससाठी असेल. त्यांनी मुलाचं वय विचारलं.

"माझ्यासाठीच आहे," डॉक्टर म्हणाले आणि उगाच फोटोकडे पाहत राहिले.

शशीबाईंनी टेप उचलली. पोटावरून टेप फिरवताना डॉक्टरांनी श्वास आत ओढून धरला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "श्वास सोडा. गाताना सोडावाच लागेल ना?" हसल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, माणसं अशीच असतात.

डॉक्टर पद्माकर भूलतज्ज्ञ होते. पुण्याहून पंचाहत्तर साली इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावातल्या हॉस्पिटलमध्ये आले. त्यांचं इंग्रजी पुस्तकी आणि घाईचं होतं. पेशंट त्यांच्याकडे बघून मग नर्सकडे बघायचे आणि विचारायचे, हा काय म्हणतोय? ऑपरेशन थिएटरमध्ये एक टेपरेकॉर्डर असायचा आणि त्यावर सारखा एल्व्हिस. डॉक्टर त्याच्याबरोबर गुणगुणायला लागले. शब्द कसा तोंडात घोळवायचा, कुठे सोडायचा, आवाज छातीतून कसा काढायचा, हे ते त्या माणसाकडून शिकले. हळूहळू पेशंटना त्यांचं बोलणं समजायला लागलं. नुसतं समजायलाच नाही, आवडायला लागलं. दहापासून उलटे आकडे म्हणा, असं ते त्या खोल, संथ आवाजात सांगायचे आणि माणसं निवांत झोपी जायची.

तीसेक वर्षं हेच चाललं. एवढ्या लोकांनी तो आवाज ऐकला, पण ऐकणारा प्रत्येक जण झोपला. जागी माणसं समोर बसली आहेत आणि आपण गातोय, हे डॉक्टरांना कधी मिळालं नव्हतं. त्यांना तेवढंच हवं होतं. म्हणून मी.

एल्व्हिसबद्दल त्यांना सगळं माहीत होतं. तो ट्रक चालवायचा, त्याचा जुळा भाऊ जन्मतःच गेला होता, ब्रिटनमध्ये तो कधी गायलाच नाही, फक्त एकदा सैन्यातून परतताना स्कॉटलंडच्या एका विमानतळावर थोडा वेळ उतरला होता. ही शेवटची गोष्ट ते प्रत्येक पार्टीत सांगायचे. ऐकणारे मान डोलवायचे आणि भज्यांची प्लेट पुढे सरकवायचे.

त्यांचं घर लंडनच्या पश्चिमेला, मेडनहेड गावात. पहिल्यांदा मला अंगावर चढवून ते दिवाणखान्यात आले तेव्हा त्यांची पत्नी सुमेधाबाई खिडकीजवळ पेपर वाचत होत्या. सुमेधाबाई पॅथॉलॉजिस्ट. जन्मभर माणसं काचपट्टीवर तपासलेली. त्यांनी चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शेजाऱ्यांना दिसाल असे उभे राहू नका," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

तेव्हापासून माझी जागा गॅरेजमध्ये. तिथे एक गवत कापायचं यंत्र होतं, खोक्यातलं ख्रिसमस ट्री होतं, गणपतीचं मखर होतं. डॉक्टर दुपारी जेवण झालं की यायचे, दार ओढून घ्यायचे, मला घालायचे आणि गायचे. सुरुवातीला आवाज बिचकायचा. मग सुटायला लागला. मी त्यांच्या छातीला चिकटलेला असायचो, म्हणून मी खात्रीनं सांगू शकतो की तो आवाज चांगला होता. वयानं थोडा खरखरीत झालेला, पण भरीव, सुरात पक्का. गाणं संपलं की ते त्या यंत्राला वाकून नमस्कार करायचे. "थँक यू, मेडनहेड," म्हणायचे. कधी कधी हात लांब करून समोरच्या अंधाराला सांगायचे, "पहिल्या रांगेत माझा मुलगा बसलाय. कुशल, उभा राहा रे जरा. त्याच्यासाठी टाळ्या." मग स्वतःच टाळ्या वाजवायचे.

कुशल पंचेचाळिशीचा. इथेच जन्मला, इथेच वाढला, जवळच्याच एका कंप्युटर कंपनीत कामाला. रविवारी यायचा, आईशी बोलायचा, वडिलांना "यू ओके, बाबा?" विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता किटली लावायचा. एका रविवारी गॅरेजचं दार नीट लागलं नव्हतं. फटीतून फोनचा काळा डोळा दिसला तो मला. डॉक्टरांना दिसला नाही. ते डोळे मिटून गात होते.

आता कमलाकररावांबद्दल सांगायला हवं. ते हाडांचे सर्जन, डॉक्टरांचे पुण्याचे वर्गमित्र, दोघं एकाच वर्षी इकडे आले. सर्जन माणूस थिएटरमध्ये राजा असतो आणि भूल देणारा पेशंटच्या उशाशी बसलेला. कमलाकरराव चाळीस वर्षं डॉक्टरांना, भुलीचा गॅस देतो म्हणून, "गॅसवाला" म्हणत आले. सगळ्यांसमोर, खांद्यावर हात टाकून, लाडानं म्हणायचे, त्यामुळे रागावण्याची सोय नव्हती. निवृत्तीनंतर ते मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले.

मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला होता. आदल्या वर्षी हिंदी सिनेमा झाला होता, म्हणून यंदा विषय निघाला 'अमेरिकेचं विसावं शतक'. प्रत्येक कुटुंबानं एखादी व्यक्ती किंवा घटना सादर करायची. दोन डेंटिस्ट स्वयंपाकघरातली चांदीसारखी फॉइल गुंडाळून चंद्रावर उतरणार होते. एक बाई पंख्यासमोर उभं राहून मेरिलिन मन्रो होणार होत्या, पण नवऱ्यानं पंख्याचा वेग ठरवून दिला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर एक मुलगी बोलणार होती. केनेडींच्या मोटारीचा प्रसंग रद्द झाला, कारण गोळी लागून पडायला कुणाचे गुडघे तयार नव्हते.

कमलाकरराव स्वतः घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "शेवटचा आयटम तुझा, पद्माकर. लोकांना घरी जाताना काहीतरी लक्षात राहायला हवं."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. सुमेधाबाई आत बिस्किटं आणायला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतरचे आठवडे मी आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस म्हणेन. डॉक्टर रोज गायचे. साखर सोडली. कमरेचा पट्टा एक भोक आत गेला. त्यांनी मला ओल्या फडक्यानं स्वतः पुसलं, एक सैल खडा चिमटीत धरून टाका घालून पक्का केला, ऑपरेशनला वापरतात तशी गाठ मारून.

कार्यक्रम शनिवारी दुपारी, भाड्याच्या हॉलमध्ये होता. आम्ही पडद्याआड उभे होतो. चंद्रावरचे लोक घाम पुसत परतले. कमलाकररावांनी माईक घेतला आणि म्हणाले, "आणि आता ज्याची तुम्ही वाट बघताय तो." हॉलमध्ये आधीच कुठेतरी खसखस पिकली. डॉक्टरांना ती उत्सुकता वाटली. त्यांचं हृदय माझ्या अस्तरावर धडधडत होतं. ते पुढे झाले, प्रकाशात आले आणि गायला लागले.

पहिल्या ओळीला शांतता होती. खरी शांतता. पहिल्या रांगेतली एक म्हातारी बाई पुढे झुकली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, जमलं.

मग डॉक्टरांच्या मागचा मोठा पडदा उजळला.

माझ्या पाठीवर गरुड आहे हे मी सांगितलंच. डॉक्टर लोकांकडे बघत होते, म्हणून त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. पडद्यावर आमचं गॅरेज होतं. माझी चेन पोटापर्यंत उघडी, आत बनियन, पायात घरातल्या सपाता, आणि डॉक्टर गवत कापायच्या यंत्रासमोर वाकून म्हणत होते, थँक यू, मेडनहेड. पुन्हा वाकत होते. पुन्हा म्हणत होते. तोच तुकडा सारखा फिरवला होता. खाली कुणीतरी अक्षरं टाकली होती: 'हाउसफुल'.

हॉल फुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसायला लागली. ती म्हातारीसुद्धा, हात आता पोटावर होता.

डॉक्टरांना तो प्रतिसाद वाटला. जन्मभर झोपलेल्यांसमोर बोललेला माणूस. समोर एवढी जागी, लाल झालेली, डोळे पुसणारी तोंडं बघून त्यांना उधाण आलं. त्यांनी आवाज चढवला. गुडघा हलवला. हात पसरले. जितकं ते मनापासून गात होते तितकं लोकांना आवरेना. मी अंगाला आवळून धरायचा प्रयत्न केला. थांबा, एवढंच सांगायचं होतं. पण कापडाचं कोण ऐकतो?

शेवटच्या कडव्याला त्यांनी बसवलेली गिरकी होती. ते वळले आणि त्यांच्यासमोर ते स्वतः आले, भिंतीएवढे, सपातांमध्ये.

मला त्या क्षणी आणखी एक गोष्ट दिसली होती. यंत्राला नमस्कार होता, पण मुलासाठी टाळ्यांचा भाग नव्हता. तोही त्याच दुपारी झालेला होता, मी तिथे होतो, फोनही तिथे होता. तेवढा तुकडा कुणीतरी विचार करून कापला होता.

डॉक्टरांनी गाणं अर्धं सोडलं नाही. लोकांकडे पाठ करून, पडद्याकडे तोंड करून त्यांनी ते पूर्ण म्हटलं. एकही सूर हलला नाही. मग पडद्यावरचा माणूस वाकला तेव्हा तेही वाकले, त्याच्यासमोर. लोकांना वाटलं, हेही ठरवलेलंच. टाळ्या पडल्या. कमलाकरराव मंचावर येऊन त्यांना मिठी मारून म्हणाले, "गॅसवाल्या, काय धमाल आणलीस." ते हसताना माझ्या कॉलरवर थुंकीचे थेंब पडले.

गाडी सुमेधाबाई चालवत होत्या. डॉक्टर मला अंगावर घेऊनच बसले होते, वर सीटबेल्ट. बाहेर अजून उजेड होता. मोटरवेवर लागल्यावर त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

सुमेधाबाईंनी आरशात बघून लेन बदलली. "कुशलनं मला दाखवला होता आधी. मी म्हटलं, दे कमलाकरला."

"का?"

"कुणीतरी तुम्हाला थांबवायला हवं होतं. माझं तुम्ही ऐकलं नसतंत."

त्यात राग नव्हता. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं त्या बोलल्या. घरी गेल्यावर गॅरेजमध्ये जाऊन डॉक्टरांनी मला उतरवलं आणि हँगरला लावलं, नीट, खांदे जुळवून.

तो व्हिडिओ मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, तिथून पुण्याला, तिथून न्यू जर्सीला. बँकेत एक अनोळखी मराठी मुलगा डॉक्टरांना बघून वाकला आणि म्हणाला, "थँक यू, मेडनहेड." हे त्यांनी घरी येऊन सांगितलं नाही, बरोबर गेलेल्या सुमेधाबाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. डॉक्टर त्या दिवसापासून बँकेत गेले नाहीत.

तीन-चार रविवार कुशल आला नाही. मग आला आणि सरळ गॅरेजमध्ये आला. डॉक्टर स्टुलावर बसले होते. मी शेजारी लटकत होतो आणि माझी बाही त्यांच्या हातात होती. अलीकडे ते नुसतेच तसे बसायचे. कुशल दारात उभा राहिला. तो एरवी वडिलांशी इंग्रजीत बोलायचा. त्या दिवशी मराठीत बोलला.

"बाबा, मी लहान होतो ना, तेव्हा सॅटरडेला लोकं यायची. तुम्ही मला मराठी बोलायला लावायचा. मी 'घोडा पाणी पिली' म्हणाला, आणि तुम्ही ते सगळ्यांना करून दाखवला. माझा आवाज काढून. प्रत्येक पार्टीला, बाबा. फॉर इयर्स. सगळे हसायचे. मला वाटायचा, आय ॲम बीइंग फनी. मग मोठा झालो तेव्हा समजला."

डॉक्टरांनी मान वर केली नाही.

"म्हणून मी तो व्हिडिओ दिला. मला पाहिजे होता की तुम्हाला पण कळला पाहिजे, कसा वाटतो. पण मग तुम्ही त्या स्क्रीनसमोर उभे राहिले आणि..." त्यानं वाक्य तिथेच सोडलं. "मी तो द्यायला नको होता. सॉरी, बाबा. माझा चूक झाला."

मला वाटलं, आता ते उठतील. मला त्यांच्या नाडीचे ठोके बाहीतून लागत होते, इतके जोरात.

"माझी चूक झाली," डॉक्टर म्हणाले. "चूक स्त्रीलिंगी आहे."

सवयीनं तोंडातून गेलं असेल, असं म्हणायला मला आवडलं असतं. शब्द त्या जुन्या, संथ, झोपवणाऱ्या आवाजात आले होते. पण माझी बाही त्यांच्या मुठीत होती, आणि बोलायच्या आधी ती मूठ आवळली होती.

कुशलनं खिशातून गाडीची किल्ली काढली. मग "राइट," म्हणाला आणि गेला. मूठ सुटली तेव्हा माझ्या बाहीवर चुण्या पडल्या होत्या. डॉक्टर दाराकडे बघत राहिले. हाक मारावी इतक्या अंतरावर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. त्यांनी हाक मारली नाही.

त्यानंतर कुशल दिवाळीला आला, ख्रिसमसला आला, वाढदिवसाला कार्ड घेऊन आला. वागणं अगदी व्यवस्थित. पण वडिलांशी तो पुन्हा मराठीचा एक शब्द बोलला नाही. आणि डॉक्टर पुन्हा गायले नाहीत. एकाच्या हट्टाला दुसऱ्याचा हट्ट पुरला.

पुढच्या फेब्रुवारीत डॉक्टर बर्फावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. भूल द्यायला एक तरुण डॉक्टरीण होती; तिला ते म्हणे म्हणाले, "हळू बोल, बाळ. पेशंटना आपली घाई कळते." ते शुद्धीवर आले, पण छातीत कफ भरला आणि आठवड्याभरात गेले. हे सगळं मी गॅरेजच्या भिंतीपलीकडून ऐकलं. फोनवर सुमेधाबाई सगळ्यांना तेच, त्याच क्रमानं सांगत होत्या.

कुशलनं मला हँगरवरून काढून अंत्यविधीवाल्यांकडे नेलं. बाबांना यात न्यायचंय, असं तो म्हणाला. ते लोक नम्र होते. पॉलिएस्टर, काचेचे खडे, धातूचा पट्टा. भट्टीत चालत नाही, म्हणाले. कुशलनं खडे काढले तर चालेल का विचारलं. कापडही नाही चालणार, सर. त्यानं मला पुन्हा घडी घातली आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. तिथे तो बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. शेवटी डॉक्टर करड्या सूटमध्ये गेले, ज्यात त्यांनी हॉस्पिटलचे इंटरव्ह्यू दिले होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कुरकुर केली नसती.

वर्धापनदिन पुन्हा आला. कमलाकरराव घरी आले, डॉक्टरांच्या फोटोसमोर डोळे मिटून उभे राहिले आणि सुमेधाबाईंकडे माझी मागणी केली. श्रद्धांजलीचा कार्यक्रम करायचा होता. सुमेधाबाईंनी मला पहिल्यांदा हात लावला. उलटं करून, वर सुती कापड टाकून, बाहीच्या चुण्यांसकट इस्त्री केली. चुण्या गेल्या.

कमलाकररावांनी मला घातलं. ते डॉक्टरांपेक्षा रुंद आहेत. चेन लावायला दोघं लागले. मंचावर डॉक्टरांचा हार घातलेला फोटो होता. कमलाकरराव म्हणाले, "पद्माकर माझा सख्खा मित्र. आमचा एल्व्हिस. आपण त्याच्यावर किती प्रेम केलं, हे त्याला माहीत होतं." मग ते गायले. सूर सुरुवातीलाच सुटला. दुसरं कडवं आठवेना, म्हणून पहिलंच परत म्हटलं. मी त्या अंगावर ताणून उभा होतो आणि समोरचं सगळं बघत होतो.

कुणी हसलं नाही. पूर्ण हॉल उभा राहिला. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. पहिल्या रांगेत सुमेधाबाई खरंच रडत होत्या, खांदे हलेपर्यंत. ते ढोंग नव्हतं, हे मी मान्य करतो. टाळ्या थांबेनात. कमलाकररावांनी छातीवरच्या गरुडावर हात ठेवून मान झुकवली. जिवंतपणी एकाला मिळालं नाही ते दुसऱ्यानं त्याच्याच कपड्यात उभं राहून घेतलं, आणि हॉलमध्ये प्रत्येकाला वाटत होतं की आपण फार चांगली माणसं आहोत. कुशल आला नव्हता.

आता मी कमलाकररावांच्या माळ्यावर प्लॅस्टिकच्या पेटीत असतो. अंगाला त्यांच्या अत्तराचा वास लागलाय. फाटायची मी वाट बघितली, पण शशीबाईंची टीप पक्की. त्या पोटावरही एक टाका उसवला नाही. पॉलिएस्टर कुजतही नाही लवकर. वाचकहो, तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, जेवणानंतर माळा दाखवायला तुम्हाला वर नेलं, तर पेटीचं झाकण उघडा आणि मला उसवा. कात्री नसेल तर दातांनी. खडे पोरांना खेळायला द्या, कापडाची फडकी करा, गाड्या पुसा. मला वाईट वाटणार नाही. फक्त लवकर या. श्रद्धांजलीचा कार्यक्रम आता दरवर्षी करायचं मंडळानं एकमतानं ठरवलंय, आणि पुढच्या खेपेला कमलाकरराव तीन गाणी म्हणणार आहेत.